नुसतं बसायचं काम

नवऱ्याचा जीव घेणाऱ्या विमान अपघाताच्या अहवालाचं शेवटचं वाक्य वाचून रेवती तोरसकर ताडकन उठली. "चूक माझ्या नवऱ्याची? विमान तर स्वतःच उडतं, साहेब! आत दांडा नाही, साधं बटणसुद्धा नाही. त्यांनी काय ओढायचं होतं, स्वतःचे केस?"

सरकारी विमा कक्षाचे चौबळसाहेब शांत होते. "बाई, विमान सरकारनं भाड्यानं घेतलेलं. करारात स्पष्ट लिहिलंय, अपघाताची जबाबदारी आत बसलेल्या माणसाची. त्यासाठीच तर आम्ही एक माणूस बसवतो."

"म्हणजे दोष घ्यायलाच बसवलं होतंत त्यांना!"

"त्यांनी सही केली होती," म्हणत साहेबांनी एक कोरा अर्ज पुढे सरकवला. "तुमच्या मुलीला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळेल. नवं विमान सोमवारी येतंय. वडिलांचीच जागा आहे. काम काही नाही, नुसतं बसायचं."

रेवतीनं अर्ज उलटा फिरवून साहेबांसमोर ठेवला आणि त्यावर पेन आपटलं.

"काम काही नाही ना? मग सोमवारी तुम्हीच बसा. करा सही."

पेन घरंगळत साहेबांकडे गेलं. साहेबांनी दोन्ही हात टेबलावरून मागे घेतले.