निळ्या पाण्याची बाटली

कुत्रं आजही गिरणीच्या पायरीवर आडवं पडलं होतं.

दळणाचा डबा घेऊन आलेली कौसल्या फाटकातच थबकली. कुत्र्याने मान वर केली, ओठ मागे ओढले आणि घशातून खोल गुरगुर काढली. कौसल्या मागे सरली.

"सत्यशीलाताई, मी दळण दुसरीकडं नेते. परवा आसराबाईचं लुगडं टरकावलं ह्यानं. पुढं पोटरी धरंल."

सत्यशीला दारातून पाहत राहिली. नवरा गेल्यावर पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्यालगतच्या या जागेत तिने गिरणी टाकली होती. घर गिरणीवरच चाले. गिऱ्हाईक असंच तुटत गेलं तर गिरणी बंद करावी लागणार होती, आणि मग जागाही विकावी लागणार होती.

घेणारा समोरच होता. रस्त्यापलीकडे चुलत दीर अप्पारावांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, मागे राहतं घर. त्यांना ही जागा गोदामाला हवी होती. सत्यशीलाने नाही म्हटलं, आणि त्याच आठवड्यात हे कुत्रं आलं.

"वहिनी, कशाला जीव जाळून घेऊन राह्यल्या?" अप्पाराव दुकानातून ओरडले. "देऊन टाका जागा. बराबर भाव करू."

"बघते, भाऊजी."

दुपारी कुत्रं सावलीला सरकलं तेव्हा तिने अंगण झाडलं. भिंतीच्या कडेला कोंबडीची हाडं सापडली. कालही सापडली होती. तिच्या घरात कोंबडी कधी शिजत नसे. सासूच्या, गोजरबाईंच्या, गळ्यात माळ होती. सत्यशीलाने हाडं कागदात गुंडाळली आणि परसात खड्डा करून पुरली. मग लांबूनच कुत्र्याकडे नीट पाहिलं. बरगड्या वर आलेल्या. मानेभोवती केस झडून गोल वळ पडलेला.

उपाय कौसल्याने सांगितला.

"कुंकवाचं पाणी बाटलीत भरून ठेवा. लाल पाण्याला कुत्रं भेतं. आमच्या गल्लीत दारोदारी हायेत."

सत्यशीलाने लाल बाटली पायरीवर ठेवली. कुत्रं उठलं, बाटली हुंगली आणि तिच्यावर पाय वर केला. रस्त्यापलीकडे हशा पिकला.

"वहिनी, तुमची बीएस्सी बिलकुल कामाला येऊन न्हाई राह्यली!"

"लाल रंग त्याला नीट दिसत नाही, भाऊजी," ती शांतपणे म्हणाली. "निळा दिसतो. नीळ घालून बघते."

त्यानंतर रोज सकाळी, रस्त्यावर वर्दळ सुरू होण्याआधी, ती बाटलीतलं पाणी बदलायला बाहेर जाऊ लागली. एका हातात बाटली, दुसरा हात पदराखाली. सुरुवातीला ती बाटली लांबूनच काठीने पुढे सरकवायची. पुढे हाताने ठेवू लागली.

बाटली पायरीवरून फाटकाशी आली. कुत्र्यानेही पायरी सोडली. मग तिने बाटली रस्त्याच्या कडेला लिंबाच्या फांदीला टांगली. कुत्रं फाटकाबाहेर पडलं.

"हटलं की हो!" कौसल्याने डबा खाली ठेवला. "पण भेऊन सुकलं न्हाई बगा. उलटं अंगानं भरलंय मेलं."

"थंडीत केस दाट होतात," सत्यशीला म्हणाली आणि पीठ चाचपून पाहू लागली.

गिरणीचा पट्टा पुन्हा दिवसभर फिरू लागला. नाराज होता तो फक्त शेळ्या राखणारा म्हस्कू. गिरणीतलं झाडलेलं पीठ तो शेळ्यांसाठी नेत असे.

"बाई, झाडणी?"

"आजही नाही, म्हस्कूभाऊ."

"एवढं दळण येऊन राह्यलंय, अन् मूठभर झाडणी न्हाई?" पुटपुटत तो निघून गेला.

लिंबापासून अप्पारावांचं दुकान जवळच. कुत्रं आता तिथल्या गिऱ्हाइकांवर धावून जाऊ लागलं. शेवटी अप्पाराव स्वतः गिरणीत आले.

"वहिनी, ती नीळ किती टाकायची, सांगा जरा. तुमचं कुत्रं आमच्याकडं वळून राह्यलंय."

"माझं?"

"म्हंजे... बेवारशीच की."

सत्यशीलाने लिंबाची बाटली काढून आणली, पदराने पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

"हीच न्या. अगदी शटरसमोर ठेवा. आणखी असतील तर त्याही लावा."

अप्पारावांनी पायरीवर बाटल्यांची अख्खी रांग लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरडाओरडा ऐकून गिरणीतल्या बायका बाहेर धावल्या. समोरचं शटर अर्धं वर होतं आणि त्याखाली अप्पाराव वाकून उभे होते. पायरीवर, निळ्या बाटल्यांच्या मधोमध, कुत्रं दात काढून बसलं होतं. गिऱ्हाइकाला आत येऊ देईना, मालकाला बाहेर.

"हट! हट म्हन्लं ना!" अप्पारावांचा आवाज चिरकला. "वाघ्या! गप! शेतावर चल, वाघ्या!"

नाव ऐकताच कुत्र्याने कान टवकारले.

"अगं बया," कौसल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बेवारशी कुत्र्याचं नाव बराबर ठाऊक की यांना!"

मग जो हशा उठला तो चहाच्या टपरीपर्यंत गेला. गोजरबाईसुद्धा दारात येऊन तोंडाला पदर लावून हसल्या. वाघ्याने धन्याकडे एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा बाटल्यांपाशी हनुवटी टेकली.

"वहिनी!" शटरखालून हाक आली. "जागेचं नाव काढणार न्हाई पुन्हा! पण ह्याचं काही तरी करा! हे निळ्याला भेतच न्हाई!"

"जरा दम धरा, भाऊजी. सवय मोडायला वेळ लागतो."

ती गिरणीत परतली. जात्याभोवतीचं पीठ तिने झाडून घेतलं, पिशवीत भरलं आणि बाहेर उभ्या म्हस्कूच्या हातात ठेवलं.

"आता रोज न्या."

"मंग इतके दिवस कुठं जायची ही?"

सत्यशीलाने गिरणी चालू केली, पट्ट्याच्या आवाजावर आपला आवाज चढवला.

"भाकरी करत होते हिची. रोज सकाळी एक, निळ्या बाटलीखाली."