लहानूची तोंडी परीक्षा

एक्स-रेच्या वर्गात दिवाकर सदा पहिला, तर अल्लीपूरचा लहानू हाडांची नावं पाठ करता करता रडकुंडीला आलेला. सत्त्याहत्तर साली दोघं वर्ध्याच्या एका दवाखान्यात प्रत्यक्ष काम शिकायला लागले. पहिल्याच दिवशी दिवाकर उन्हातून थेट डार्करूमच्या अंधारात शिरला, बादलीला अडखळला आणि मनगट मोडून बसला. लहानूनंच त्याला टेबलाशी बसवलं. "हालू नोको बापू, फोटो बिघडते," असं चुचकारत त्यानं इतका स्वच्छ एक्स-रे काढला, की त्यांना शिकवणाऱ्या काळमेघ सरांनी ती फिल्म नमुना म्हणून जपून ठेवली.

वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा आली. लेखीत लहानू कसाबसा तरला होता. इथं अडला की वर्ष वाया. पोराला सोपं जावं म्हणून सरांनी मुद्दाम तीच फिल्म दिव्यासमोर लावली.

"घाबरतं काऊन बे? तुह्याच हातचा फोटो हाये. सांग, कोनतं हाड मोडलं?"

लहानूनं मनोमन देवाला हात जोडले, फिल्मकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.



"सर, आपल्या दिवाकरचं!"