कोकणाची वाट

मेंढरं विकून कैक वर्षं झाली, तरी दिवाळी सरली की आकारामचे पाय शिवशिवायचे. पहाटेच घोंगडं खांद्यावर टाकून म्हातारा पूर्वी मेंढरं न्यायच्या कोकणच्या वाटेला लागायचा आणि त्याची बायको हरणाबाई फडक्यात भाकरी बांधून, शिव्या घालत त्याच्या मागं. कुठल्यातरी ओढ्यावर दोघं भाकरी खायची आणि दिवेलागणीला माघारी यायची. शेवटी लेकानं बापाला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. कापाकापी नाही, टोचणं नाही. कानाला ऐकू न येणारा आवाज कवटीतून नेमका आत सोडायचा, की मनाची ओढ थंडावते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं.

यंदा दिवाळी सरली. आकाराम ओट्यावर निवांत चहा फुरकत बसला.

"आवं, जायचं न्हाई व्हय?" हरणाबाईनं विचारलं.

"कुटं गं?"

फेरतपासणीला डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "आजी, सुटलात! आता यांच्यामागं पळायला नको."

"व्हय की," हरणाबाई म्हणाली. मग लेक बाहेर गेलेला बघून हळूच पुढं सरकली. "बाई, त्यो आवाज माज्याबी डोक्यात सोडा की. ह्यांना माघारी आणायच्या निमित्तानं तेवढीच मी वाटंला लागत हुते."