अठरा लाखांचा गारवा

“अठरा लाख दिनार,” गॅरेजवाल्या उस्ता गझवानने पुन्हा सांगितलं आणि बॉनेट धाडकन आपटलं.

धियाब मास्तर आपल्या काळ्या जर्मन गाडीकडे बघतच राहिला. वडील बसऱ्याच्या बंदरात जहाजं आत आणायचे, त्या बऱ्या दिवसांत त्यांनी ती हौसेनं घेतली होती. आता एसी बंद पडलेल्या गाडीला बसऱ्यात गिऱ्हाईक मिळणं शक्य नव्हतं.

“नुसता गॅस भरून नाही का भागणार?”

“गेल्या आठवड्यात दोनदा भरला. सकाळी भरला, दुपारी उडाला. कूलिंग कॉइल फुटलीय, मास्तर. ती बसलीय डॅशबोर्डच्या पोटात. म्हणजे सगळी गाडी आतून सोलायची. कॉइल यायची दुबईहून. माझ्यावर का डोळे वटारता? जर्मनांना विचारा जाऊन.”

“एवढ्यात घरात तीन एसी बसतील.”

“मग बसवा की!”

“आणि वीज? ती काय तुमच्या मिशांतून काढू?”

उस्ता पोट धरून हसला. मास्तरला हसू आलं नाही.

जुलै चालू होता. सरकारी वीज दोन तास यायची आणि चार तास तोंड दाखवायची नाही. गल्लीच्या जनरेटरवर पंखा तेवढा फिरायचा, तोही गरम वारा ढकलत. मास्तरची आई, हज्जिया नशमिया, हृदयविकाराने खंगली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, हिला तापू देऊ नका, हा उन्हाळा त्यावरच निघेल. म्हणून वीज गेली की मास्तर आईला अंगणातल्या गाडीत बसवायचा, इंजिन सुरू करायचा आणि एसी सोडायचा. गल्लीत बरेच जण असंच करायचे. मास्तरच्या घरातली तेवढीच एक थंड खोली होती.

“माझ्याजवळ सहा लाख आहेत,” तो म्हणाला. हे म्हणताना त्याला लाज वाटली.

उस्ताने गाडीभोवती एक फेरी मारली. “ही फिरवता कुठे तुम्ही?”

“कुठेच नाही. शाळेत चालत जातो.”

“मग चाकं काय चाटायचीत? बसायला चाकं लागत नाहीत, मास्तर! हिच्याखाली साध्या स्प्रिंगा नाहीत, हवेच्या उशा आहेत. त्या उशा आणि चारही चाकं बगदादचा एक जण बारा लाखांना उचलेल. गाडी तुमच्या अंगणात आणतो, विटांवर चढवतो. एसी चालल्याशी मतलब ना?”

मास्तर शाळेत गणित शिकवायचा. सहा आणि बारा अठरा. इतका सरळ हिशेब त्याच्या आयुष्यात बऱ्याच दिवसांत जमला नव्हता. त्याने तिथल्या तिथे उस्ताच्या तेलकट हातावर हात मारला.

कॉइल यायला चार दिवस लागले. ते चार दिवस त्याने आईला ओल्या चादरीत गुंडाळून कसेबसे काढले. पाचव्या दिवशी गाडी विटांवर चढली, आणि तिच्यातून असा गारवा आला की मास्तरला रडूच फुटलं.

“यम्मा, कसं वाटतंय?”

“लोक विटांवर घर बांधतात, तू मोटार बांधलीस,” म्हातारी म्हणाली. “तुझ्या बापाला तेव्हाच सांगितलं होतं, एवढ्या पैशांत म्हशी घे.” पण तिच्या ओठांचा निळेपणा गेला होता. दोन दुपारी ती गाडीत शांत झोपली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी इंजिन खोकलं आणि बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं. शेजाऱ्याने आपल्या टाकीला नळी लावून दोन लिटर काढून दिलं. “आणखी नका मागू, मास्तर,” तो खाली बघत म्हणाला, “माझं बाळ पंधरा दिवसांचं आहे.” रस्त्याकडेला बाटल्यांतून पेट्रोल विकणाऱ्यांना पोलिसांनी आठवड्यापूर्वीच पिटाळलं होतं. मास्तरने आईला गाडीत ठेवलं, दोन लिटर ओतून एसी चालू केला आणि कॅन घेऊन पंपाकडे जवळजवळ पळत सुटला. दोन लिटर म्हणजे फार तर तास.

पंपावर गाड्यांची रांग पार पुलापर्यंत गेली होती. नळीजवळच्या मिशीवाल्या माणसाने त्याच्या हातातला कॅन बघून मान हलवली.

“कॅनमध्ये नाही. वरचा हुकूम आहे. टंचाई संपेपर्यंत फक्त गाडीच्या टाकीत.”

“अहो, माझी आई गाडीत आहे, तिचं हृदय...” मास्तरला दम लागला होता. पुढचं बोलता येईना.

त्या माणसाने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने नळी खाली ठेवली, पुढे होऊन आदराने मास्तरच्या खांद्याचं चुंबन घेतलं. “धियाब मास्तर! ओळखलं नाहीत? सहावी ब. बेरीज-वजाबाकी तुम्हीच शिकवलीत मला.” मग तो कानाशी वाकला. “तुम्हाला मी रांगेत उभं करीन होय? जा, गाडी घेऊन या. टाकी काठोकाठ भरून देतो.”