परका हात

"राहू दे गं, आलंय तेवढं पुरे," अण्णा लेकीच्या, वसुधाच्या, कानाशी कुरकुरले.

वसुधा सकाळपासून वैतागली होती. गेलेल्या आईच्या जुन्या पोस्ट नव्या ब्लॉगवर आणायच्या, तर टाइप करायची लकब तपासणारं तिथलं यंत्र शेवटच्या दोन वर्षांतली प्रत्येक पोस्ट परत फेकत होतं. टाइप करणारा हात आईचा नाही म्हणे.

यंत्रानं नाकारलेली अळूच्या भाजीची पोस्ट तिनं उघडली. चिंच दोन चमचे, गूळ पाव वाटी. जन्मभर अंदाजानं रांधणाऱ्या आईनं मापं कधी लिहिली? तेव्हा परदेशात बसून वाचतानाही हे तिला खटकलं होतं. पण खाली 'वसू, वेळेवर जेव' असायचं, म्हणून तिनं कधी विचारलं नाही.

"मेलं बिघडलंय ते," अण्णा म्हणाले.

"बिघडलेलं नाही. तुम्ही लिहायचात."

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"तिला तू आठवत नव्हतीस, बाळा."