पाठमोरा टीव्ही

"भंगारात दे आणि मोकळी हो," दादा म्हणाला. "आवाज येतो, चित्र येत नाही. असल्या टीव्हीचं काय लोणचं घालायचंय?"

धाकटी ऐकणार नव्हती. बाबांच्या खोलीतलं दुसरं काहीच तिला नको होतं. कपाट, घड्याळ, चष्मे, सगळं दादाने खुशाल ठेवून घ्यावं. टीव्ही मात्र बाबांचा जीव की प्राण होता. मॅच हातची जायला लागली की ते उठून त्याला टपली मारायचे.

"मी नवीन घेऊन देतो तुला. याच्या दुप्पट मोठा."

"त्याने बाबांची टपली कुठे खाल्लीय?"

दादा हसला नाही.

टीव्ही चाकांच्या स्टँडवर बेडच्या पायथ्याशी उभा होता. त्याची पाठ बेडकडे होती आणि पडदा समोरच्या भिंतीकडे, अगदी हातभर अंतरावर.

"हा असा कोपऱ्यात उभं केलेल्या पोरासारखा का?"

"शेवटी शेवटी त्यांना उजेड सोसत नव्हता. वर्षभर बंदच होता."

त्या भिंतीवर अजून स्क्रूची भोकं होती. तिथला बेडकडे रोखलेला कॅमेरा मागच्या खेपेला तिनेच बसवला होता. पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली, तेव्हा फोनवर बोलणंच संपलं. परदेशातल्या प्रयोगशाळेची नोकरी सोडून येता येईना. मग जेवणाच्या सुटीत ती मोबाइल उघडायची. बाबा कुशीवर झोपलेले असायचे आणि शेजारच्या खुर्चीत दादा पेपर वाचत बसलेला असायचा. एवढं दिसलं की जिवाला बरं वाटायचं. ती खुर्ची तिला कधीच रिकामी दिसली नाही. सोबतच्या मुलींनाही ती दाखवायची, "असा भाऊ मिळायला नशीब लागतं गं." त्याच भरवशावर तिने इकडे यायचं पुन्हा पुन्हा पुढे ढकललं.

मग एक दिवस मोबाइलवर नुसता काळोख. तिने फोन केला. "कॅमेरा बिघडला असेल, बघतो," दादा म्हणाला. संध्याकाळी त्याचाच फोन आला. बाबा झोपेतच गेले होते. ती पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

"दादा, तू जवळच होतास ना रे तेव्हा?"

"किती वेळा विचारशील, चिमे? हात हातात होता त्यांचा."

तिला तेवढंच हवं होतं. बाबा एकटे नव्हते, एवढंच.

मेकॅनिक आला. टीव्ही आडवा निजवून त्याने पडदा सुटा केला, आत वाकून पाहिलं आणि शीळ घातली.

"ताई, हा दुकानात लावला होता का? रात्रंदिवस चालू?"

"नाही हो. वर्षभर बंद होता."

"बंद? मग आतले दिवे काय उपास करून वाळले? दिव्यांच्या सगळ्या पट्ट्या करपल्यात. हे जळेपर्यंत वापरल्याचं लक्षण."

"जुना आहे," दादा म्हणाला. "तुम्हीच सांगा हिला, नवीन घे म्हणून."

"माझं काय जातं? पण पडदा शाबूत आहे. पट्ट्या बदलल्या की टुणटुणीत होईल. माझ्याकडे आहेत."

"राहू द्या. कशाला उगाच..."

"बदला," धाकटी म्हणाली.

मेकॅनिकचं काम संपत आलं तसा दादा दाराशी जाऊन उभा राहिला.

टीव्ही पुन्हा स्टँडवर चढला. धाकटीने स्टँड फिरवून पडदा खोलीकडे केला. मेकॅनिकने बटण दाबलं. केबल जोडलेली नव्हती, त्यामुळे नुसताच सपाट, राखाडी उजेड पडला. तिला उगाच हसू फुटलं. बाबांची टपली वाया गेली नव्हती.

"एक घोळ आहे, ताई." मेकॅनिक पडद्याशी वाकला. "एकच चित्र महिनोन्‌महिने लावून ठेवलं की पडद्यावर त्याचा डाग धरतो. जे हलतं, ते उमटत नाही. इथे काहीतरी हललेलंच नाहीये. हे बघा."

ती जवळ गेली. आधी काही कळेना. मग धुरकट रेघा एकेक करून जुळत गेल्या. एक बेड. त्यावर कुशीवर निजलेलं कुणीतरी. शेजारी खुर्ची. खुर्चीत पेपर उघडून बसलेला एक माणूस.

"कुणाचा फोटो लावला होता का हो?" मेकॅनिकने दाराकडे बघत विचारलं.

धाकटी त्या निजलेल्या आकृतीकडे बघत राहिली. वर्षभर रोज दुपारी हेच चित्र बघून ती निवांत डबा उघडत आली होती.