जास्तीचे दोन स्लॉट

तिसराही माऊस वंशीने परत केला.

"अरे नवाबसाहेब, माऊस घ्यायला आलात की मुलगी बघायला?" मोईनभाई हसत म्हणाला. "एकही पसंत पडेना!"

"बटण कडक आहे, भाई. मला दाबता येत नाही."

मोईनभाईचं हसू जिथल्या तिथे राहिलं. वंशी एकवीस वर्षांचा. अंगातल्या स्नायूंनी एकेक करून दगा दिलेला. पाय शाळेत असतानाच गेले, मग दंड, आणि आता उजव्या हाताची दोन बोटं तेवढी त्याचं ऐकत होती. सिकंदराबादच्या कॉम्प्युटर बाजारातलं हे दुकान माडीवर. चाकाची खुर्ची जिना चढेना, म्हणून बापाने, यादगिरीने, त्याला पाठुंगळी मारून वर आणलं होतं. तो प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसला होता आणि कलंडू नये म्हणून थोरली बहीण मौनिका मागून त्याचे खांदे धरून उभी होती.

मोईनभाईने काउंटरखालून साधा, ऑफिसात असतो तसला माऊस काढला. "हा बघ. सगळ्यात स्वस्त. पण बटण लोण्यासारखं."

वंशीने बोट टेकवलं. टिक्. पुन्हा टिक्. "हाच!" तो म्हणाला, आणि स्वारी इतकी खूश झाली की मौनिकालाही हसू फुटलं.

नव्या कॉम्प्युटरसाठी बाकी काय काय घ्यायचं ते त्याचं पाठच होतं. व्हिडिओ बघून बघून त्याने घरच्यांचं डोकं पिकवलं होतं. रंगीत दिवे नकोत. काचेची पेटी नको. ग्राफिक्स कार्ड कुणीतरी वापरलेलं चालेल, पण ते इथेच चालवून दाखवायचं. जो काही पैसा आहे तो सगळा वेगात घालायचा. कारण तो खेळायचा त्या गेममध्ये वंशी पळायचा. गच्च्यांवरून उड्या मारायचा, भिंती चढायचा. घरातला जुना कॉम्प्युटर त्याला ऐन धावण्यात जागच्या जागी थिजवून टाकायचा. एवढी एकच गोष्ट त्याला सोसत नव्हती.

"आता मदरबोर्ड," मोईनभाई म्हणाला. "हा चार स्लॉटचा घे, बाबू. रॅमच्या दोन पट्ट्या आत्ता लाव, दोन स्लॉट रिकामे ठेव. पुढे मेमरी वाढवता येते."

"दोन स्लॉटवाला द्या. स्वस्तातला."

"अरे, तो आजच भरून जाईल. मग पुढे काय करशील?"

या धंद्याची रीतच आहे ती. आजचं घेताना उद्याला जागा ठेवायची, आणि गिऱ्हाईक कितीही फाटक्या खिशाचं असलं तरी त्याला हे ऐकवायचंच. मोईनभाई वर्षानुवर्षं येईल त्याला ऐकवत आला होता.

"पुढे नाही लागणार," वंशी म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात रे! आणि दोन-तीन वर्षांनी नाक मुठीत धरून माझ्याचकडे येतात."

"भाई, तो म्हणतोय ते द्या ना!" मौनिका एकदम तडकली. आणि पुढचं तिला बोलवेना.

तेव्हा कुठे मोईनभाईच्या ध्यानात आलं. जीभ झडो माझी, असं झालं त्याला.

वंशीचं दुखणं आता छातीत उतरलं होतं. डॉक्टरांनी यादगिरीला एकट्याला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. त्याने घरी येऊन कुणाला चकार शब्द सांगितला नाही, आणि घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

यादगिरी बसचा ड्रायव्हर. त्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. इतका वेळ तो दाराशी कंबर चोळत उभा होता. तो पुढे झाला.

"त्या मोठ्यात रिकामे किती राहतात म्हणालात?"

"दोन."

"मग तोच द्या."

"नान्ना, पैसे वाया जातील," वंशी बापाला म्हणाला. "त्यापेक्षा कार्ड जरा बरं येईल."

"कार्डही बरं घे. पण बोर्ड हाच."

"अरे पण कशाला? काय घालणार आहोत त्यात?"

"मला काय ठाऊक काय घालतात! असू देत रिकामे!" यादगिरीचा आवाज चढला. समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली. "आपल्या घराच्या गच्चीवर सळया सोडल्यात ना वर? चढला का आजवर दुसरा मजला? मग कापून टाकल्या का मी त्या?"

"त्या गंजल्यात, नान्ना."

"गंजू देत."

मौनिकाने भावाच्या खांद्यावरचा एक हात काढून भराभरा डोळे पुसले आणि पुन्हा खांदा धरला. मोईनभाईने मुकाट्याने चार स्लॉटच्या बोर्डाचं खोकं उघडलं.

वंशीने त्या बोर्डाकडे पाहिलं.

"रिकाम्या स्लॉटमध्ये धूळ बसते," तो म्हणाला. "अधूनमधून पेटी उघडून फुंकर मारावी लागेल. माझ्यात तेवढा दम नाही."

"मी मारीन."

"तू विसरशील."

"नाही विसरणार."

"आणि ते कधी भरलेच नाहीत तर?"

यादगिरी खाली वाकला. मुलाचा घसरलेला पाय उचलून त्याने सरळ ठेवला.

"नाही भरले तरी मारीन," तो म्हणाला.